मासिकाचे पान मांडताना

सतराव्या शतकात सुरत बंदरात भीमजी पारेख नावाचा एक धनाढ्य व्यापारी राहत असे. ईस्ट इंडिया कंपनीचा तो दलाल होता. आपल्याकडील जुने ग्रंथ छापून काढावेत अशी त्याला हौस वाटली, आणि १६७० साली त्याने कंपनीकडे विलायतेहून एक जाणता मुद्रक पाठविण्याची मागणी केली. कंपनीने ती मान्य केली. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छापण्याचे यंत्र, खिळे व कागद घेऊन मुंबईस उतरला. आता ग्रंथ निघणार असे कोणासही वाटले असते. परंतु हिल्सला छापता येत असे, अक्षरांचे खिळे पाडता येत नसत. आणि देशी लिपीचे खिळे तर विलायतेत कोठून असणार? भीमजीने आपल्या पदरच्या माणसांकडून ते पाडविण्याचा उद्योग केला. त्यातून काही छापील नमुने निघाले, ते चांगले दिसतात व वाचता येतात असे सुरतेच्या वखारीने वर कळविले, खिळे पाडणारा स्वतंत्र कारागीर पाठविण्याची मागणीही झाली. पण ग्रंथछपाईचा तो बेत तडीस गेल्याचा पुरावा सापडत नाही. अनंत काकबा प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावर १९५८ साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही हकीकत साधार दिलेली आहे.

यंत्र दारात आले आणि अक्षर आले नाही, अशी ती स्थिती होती. त्यानंतर साडेतीनशे वर्षे लोटली. आज सुरतेत संगणक नाही असा छापखाना दाखविता यावयाचा नाही. तरीही या शहरात एखाद्याने मराठी मासिक काढावयाचे म्हटले म्हणजे भीमजीची अडचण थोड्या निराळ्या रूपाने त्याच्यापुढे उभी राहते.

सुरतेचा आणि मराठीचा संबंध आजकालचा नव्हे. १८४४ साली येथे जी मानवधर्म सभा स्थापन झाली, तिच्या उभारणीत दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचा हात होता. पुढे मागावरच्या कामासाठी खानदेशातून कुटुंबेच्या कुटुंबे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. अशा वस्तीत शाळेचे वार्षिक, गणेशोत्सवाची स्मरणिका, एखाद्या मंडळाचा दिवाळी अंक ही लहानमोठी प्रकाशने निघणे साहजिकच होय. त्यांतील मजकूर पुष्कळदा चांगला असतो. पण तो जो मांडतो, तो छापखान्यातील तरुण, बहुधा गुजराती वाचणारा असतो. त्याचे हात सराईत असतात; मात्र मराठी शब्द मोडला की जुळला हे त्याच्या डोळ्याला कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ज्या मंडळीला आपला अंक वाचला जावा असे वाटते, तिने आपल्यातील एकादोघांना पान मांडण्याची विद्या शिकवून घेतली पाहिजे. ही विद्या अवघड नाही. पण ती कोठून सुरू करावी याविषयी मोठा गैरसमज आहे.

संगणकाच्या वर्गात ती बटणांपासून सुरू करतात. कोणत्या चिन्हावर दाबले की चौकट येते, कोणत्या यादीतून रंग निवडावा, अक्षराला सावली कशी द्यावी, हे पहिल्या आठवड्यात शिकवून टाकतात. विद्यार्थी हरखून जातो आणि आपल्या पहिल्याच पानावर सहा तऱ्हेची अक्षरे, तीन रंगांच्या चौकटी व मजकुराच्या पाठीमागे गुलाबाचे फूल घालून मोकळा होतो. वस्तुतः पान मांडणे म्हणजे वाचकाने आधी काय पाहावे, मग काय वाचावे आणि कोठे थांबावे हे ठरविणे होय. हे ठरवून झाल्यावर संगणकाचे काम उरते ते अर्ध्या दिवसाचे.

सुरतेच्या तरुणाला हे समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. साडीची नक्षी संगणकावर काढणारे तरुण या शहरात पुष्कळ. साडीचा काठ, अंग व पदर यांची प्रमाणे आधी ठरतात आणि बुट्टी मागाहून येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मागावर आधी ताणा लावतात, त्याशिवाय बाण्याचा एक धागा चालत नाही. मासिकाच्या पानालाही असा ताणा असतो. वाचकाला तो दिसत नाही. दिसते ती त्यावर विणलेली ओळ. संगणकाच्या परिभाषेत त्याला ग्रिड म्हणतात.

ज्या श्रोत्यांच्या हाताशी या वेळी एखादा दिवाळी अंक व मोजपट्टी असेल, त्यांनी ती घेऊन बसावे. आपले पुष्कळसे अंक पाव क्राउन आकाराचे, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर उंच असतात. त्यात बाहेरच्या बाजूस १५ मिलिमीटर आणि शिलाईच्या बाजूस १८ मिलिमीटर समास सोडला, तर मजकुराला १४७ मिलिमीटर रुंदी उरते. शिलाईकडे समास अधिक का, हे अंक उघडून पाहिल्यावर कळते. तेथे कागद वळतो आणि ओळीची टोके वळणात दडतात. या रुंदीची एकच ओळ केली तर डोळा एका ओळीच्या शेवटून दुसरीच्या आरंभी येताना चुकतो. म्हणून मध्ये ५ मिलिमीटर जागा ठेवून ७१ मिलिमीटरचे दोन रकाने करावेत. बारा पॉइंटचे अक्षर घेतल्यास अशा रकान्यात ओळीला साधारण सहा शब्द बसतात. एका इंचात ७२ पॉइंट असतात, हे माप खिळ्यांच्या काळापासून चालत आलेले आहे.

दोन ओळींमध्ये अंतर किती ठेवावे? येथे मराठी मनुष्य इंग्रजी पुस्तकाचे अनुकरण करून फसतो. रोमन अक्षराला डोक्यावर मात्रा नाही आणि पायाशी उकार नाही. देवनागरीत वरच्या ओळीचा ‘कृ’ आणि खालच्या ओळीचा ‘र्थी’ एकमेकांच्या अंगावर येतात. बारा पॉइंटच्या अक्षराला साडेचौदा पॉइंटची ओळ इंग्रजीत खपून जाते. मराठीला सोळा पॉइंट तरी द्यावेत, वृद्ध वाचकांसाठी सतरा. सोळा पॉइंट म्हणजे साडेपाच मिलिमीटरांहून किंचित अधिक. वरखाली योग्य समास सोडून या पानावर अशा सुमारे ३५ ओळी बसतात. दोन रकान्यांत मिळून चारशेच्या आसपास शब्द होतात. दोन हजार शब्दांची कथा आली की तिला पाच पाने लागणार, शीर्षक व चित्र धरले तर सहा, हा हिशेब संपादकाला संगणक उघडण्यापूर्वीच करता येतो. तो न करणारे संपादक शेवटच्या रात्री कथेचा शेवट कापतात किंवा अक्षर नऊ पॉइंटवर आणतात. दोन्हीमुळे लेखकाचे श्रम मातीत जातात.

एवढे कागदावर ठरल्यावर आता संगणकाकडे वळावे. संगणकावर पूर्ण पान मांडण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती १९८५ साली, ऑल्डस या कंपनीच्या पेजमेकर या प्रणालीने. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील व्हेनिसचा थोर मुद्रक ऑल्डस मॅन्युशियस याचे नाव त्या कंपनीने घेतले होते. १९९४ साली ही कंपनी अडोबीने विकत घेतली, आणि १९९९ साली अडोबीचीच इनडिझाइन ही नवी प्रणाली आली. पेजमेकरची २००१ नंतर नवी आवृत्ती निघाली नाही. इनडिझाइनला वर्गणी भरावी लागते. शाळेला किंवा लहान मंडळाला ती जड वाटत असेल तर स्क्रायबस ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या २०२४ सालच्या १.६ या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरांची जुळणी होते, जी जुन्या आवृत्त्यांत नीट होत नसे. लग्नपत्रिका व फलक यांसाठी छापखान्यांत कोरलड्रॉ फार वापरतात. ती प्रणाली चांगली आहे, पण चित्र काढण्यासाठी. चौसष्ट पानांचा मजकूर तिच्यात ओतणे म्हणजे कात्रीने शेत कापणे.

प्रणाली कोणतीही असो, शिकाऊ माणसाने तीनच गोष्टी प्रथम आत्मसात कराव्यात. एक म्हणजे मास्टर पेज. समास, रकाने, पानाचा आकडा, अंकाचे नाव ही प्रत्येक पानावर येणारी सामग्री एकदाच तेथे मांडावी, म्हणजे ती सर्व पानांवर आपोआप उमटते. साडीच्या छपाईत एक नक्षी जशी पुनःपुन्हा उठते तसेच हे. दुसरी गोष्ट जोडलेल्या चौकटींची. मजकूर चौकटीत ओतला आणि ती चौकट पुढच्या चौकटीला जोडली, की उरलेला मजकूर स्वतःहून पुढे वाहतो, आणि मध्ये एक वाक्य वाढविले तरी काही निसटत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि शिकाऊ मंडळी सर्वांत अधिक टाळतात ती: स्टाइल. मूळ मजकूर, शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचे नाव, चित्राखालची ओळ यांचे रूप प्रत्येकी एकदा ठरवून त्याला नाव द्यावे आणि मग फक्त ते नाव लावीत जावे. ओळीतील अंतर पंधरावरून सोळा करावयाचे झाले तर एका ठिकाणी बदल केला की सारा अंक बदलतो. हाताने एकेक परिच्छेद रंगविणाऱ्याला तो बदल चौसष्ट पाने फिरून करावा लागतो, आणि त्यात दोन पाने हटकून राहतात.

अक्षरांचे किती प्रकार घ्यावेत? मजकुराला एक, शीर्षकाला एक. तिसरा घ्यावयाचा असेल तर त्याचे कारण सांगता आले पाहिजे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून सजावटीचा शौक मराठी वाचकाला आहे, आणि तो असण्यात वाईट काही नाही. पण शंकरराव किर्लोस्करांसारखा संपादक स्वतः चित्रकार होता. कोठे थांबावे हे त्याला ठाऊक होते. संगणक कधीच थांबा म्हणत नाही.

येथपर्यंतचे सर्व ज्ञान गुजराती, हिंदी, मराठी कोणत्याही मासिकाला सारखेच लागू पडते. मराठीची म्हणून जी खास दुखणी आहेत ती यापुढे सुरू होतात.

पहिले दुखणे फाँटचे. युनिकोडची पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकित होई, त्यात संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत नोंद असे ती भलत्याच अक्षराची. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तेथे तोच लेख उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. पेजमेकरला युनिकोड समजत नाही, म्हणून ज्या छापखान्यात ते अजून चालते तेथे जुनेच फाँट चालतात. मग लेखकाने भ्रमणध्वनीवर युनिकोडमध्ये लिहून पाठविलेला मजकूर जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि त्या रूपांतरात नेमकी जोडाक्षरे गळतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत युनिकोडच ठेवणे. तसा अंक पुढे शोधता येतो, त्यातील कविता दुसरीकडे उतरवून घेता येते; जुन्या फाँटमधील अंक दहा वर्षांनी संगणकावर असूनही नसल्यासारखा होतो.

इनडिझाइनमध्ये मजकूर ओतल्यावर ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली दिसली, किंवा ‘विद्यार्थी’तील रफार भलतीकडे गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. २०१२ सालच्या आवृत्तीपासून भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड रेडी’ नावाची जुळणी त्यात आहे. परिच्छेदाच्या मांडणीत ती निवडली की अक्षरे जागेवर येतात. ती मूळ मजकुराच्या स्टाइलमध्येच नोंदवून ठेवावी.

दुसरे दुखणे सूक्ष्म आहे. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा दंडाला टेकलेला. ‘श’चेही तसेच दोन अवतार आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला त्यात मराठी वळणांचा पुरस्कार आहे. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे साठविलेली असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदविली आहे हे पाहून प्रणाली त्यांतील एक निवडते. भाषा हिंदी असेल, किंवा काहीच नोंदविलेली नसेल, तर हिंदी वळण येते. म्हणजे केवळ एका यादीतून ‘मराठी’ हा शब्द निवडण्याचा हा प्रश्न आहे! ज्या मुलाने शाळेत पाकळीचा ‘ल’ गिरविला, त्याला आपल्या वार्षिकात तोच दिसावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

वळण चुकले तर अर्थ तरी शाबूत राहतो. ‘ऱ्य’चे तसे नाही. यकारावर रफार चढला तर ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र. आडवा र आला तर ‘दऱ्या’, म्हणजे दरीचे अनेकवचन. सातपुड्यातील दऱ्यांवर लिहिलेल्या लेखात संगणकाने त्यांचा दर्या करून टाकला, तर खानदेशातून आलेल्या आजोबांना हसावे की रडावे कळणार नाही. हा आडवा र गुजरातीत वा हिंदीत नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे छापखान्यातील तरुणाला ती चूक दिसणेच शक्य नाही. ती मुद्रितशोधन करणाऱ्या मराठी माणसानेच पकडावयाची असते. त्याने ‘ऱ्या’ व ‘ऱ्ह’ यांचा साऱ्या अंकात संगणकाकडून शोध घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

ओळी दोन्हीकडून समान करण्याचा हव्यास हे आणखी एक दुखणे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यासारखा शब्द अर्धी ओळ घेतो. तो ओळीत बसला नाही तर खाली जातो आणि वर उरलेल्या तीन शब्दांत प्रणाली ढेंगाढेंगांचे अंतर टाकते. मग पानावर पांढऱ्या नद्या वाहू लागतात. शब्द तोडावयाचे तर ते अक्षराच्या सीमेवर तुटले पाहिजेत, जोडाक्षराच्या पोटात नव्हे. ज्याला एवढी दक्षता घेणे होणार नाही त्याने ओळी डावीकडून समान ठेवून उजवी कड मोकळी सोडावी. काही ज्येष्ठांना ते पान अपुरे वाटते. पण वाचताना त्रास होत नाही, आणि तेच महत्त्वाचे.

चित्रांविषयी थोडक्यात. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात. ७१ मिलिमीटरच्या रकान्यातील छायाचित्राला सुमारे ८४० ठिपक्यांची रुंदी पुरते. पण तेच छायाचित्र पूर्ण पानभर कडेपर्यंत छापावयाचे तर कडेला कापण्यासाठी ३ मिलिमीटर जादा धरून सुमारे २२०० ठिपके हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले छायाचित्र वाटेत लहान झालेले असते, म्हणून संमेलनाचे चित्र मूळ फाइल म्हणून मागवावे. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा निळी, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांचा. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मातकट उतरतो तो यामुळे. मजकुराचा काळा रंग मात्र केवळ काळ्या शाईचाच ठेवावा. तो चार शायांचा झाला आणि छपाईत एक प्लेट केसभर सरकली, की बारीक अक्षराला रंगीत किनार येते. जाहिरातदारांची पाने बहुधा तयार होऊन येतात. त्यांची मापे आधी कळविली नाहीत, तर शेवटी मजकुराचीच जागा त्यांना द्यावी लागते.

सर्व पाने जुळली, मुद्रिते तपासून झाली, म्हणजे फाँट आत समाविष्ट करून पीडीएफ करावे. छापखान्यात मूळ फाइल द्यावी की पीडीएफ, यावर वाद घालण्याचे कारण नाही. मूळ फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर फाँट बदलण्याचा धोका असतो, पीडीएफमध्ये तो राहत नाही. आणि पीडीएफ देण्यापूर्वी चार पाने साध्या कागदावर खऱ्या आकारात छापून, वर्गातील एखाद्या मुलाला व घरातील एखाद्या वृद्धाला वाचावयास द्यावीत. दोघे जेथे अडखळतील तेथे अक्षर, अंतर किंवा रकाना यांपैकी काहीतरी चुकलेले असते. प्लेटा पडल्यावर तीच चूक सुधारावयाची तर चार शायांच्या चार प्लेटा नव्याने कराव्या लागतात.

अंकाच्या पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवावी, कारण मोठा कागद दुमडून सोळा पानांचा फर्मा होतो. अशा फर्म्यात पहिल्या पानाशेजारी सोळावे छापले जाते, दुसऱ्याशेजारी पंधरावे, आणि शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी सतरा येते. ही जुळवाजुळव छापखानाच करतो. तरीही एक रद्दीचा कागद घेऊन तो तीनदा दुमडावा, कडा कापून लहानशी वही करावी, तिच्यावर पेनने एक ते सोळा आकडे घालावेत, कोणत्या पानावर कोणता लेख व कोणती जाहिरात हे लिहावे आणि ती वही पीडीएफबरोबर छापखान्यात द्यावी. देवनागरी आणि गुजराती आकडे बरेचसे सारखेच आहेत, त्यामुळे ती सुरतेच्या कोणत्याही छापखान्यात वाचता येते.